हाडाचा नंबर चांगला होता

खोकल्यानं मणका मोडतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. माझा मोडला. हातात काही जड नव्हतं, मी पडलो नव्हतो, कुठे आपटलोही नव्हतो. इंदूरच्या तुकोगंजातल्या एका स्कॅनिंग सेंटरच्या काचेच्या दाराशी गार्डचा निळा युनिफॉर्म घालून उभा होतो. नेहमीसारखी खोकल्याची उबळ आली आणि पाठीत आतल्या आत काहीतरी कटकन वाजलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी मी दार धरून ठेवलं, कारण एक गाडी आत येत होती आणि गाडीवाल्याला सलाम ठोकणं ही माझी नोकरी होती.

माझं नाव मधुकर. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.

मी लेखक नाही. मुलगी म्हणाली, बाबा, जे आम्हाला रोज ऐकवता ते एकदा लिहून काढा, निदान दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. म्हणून लिहितोय. जे लोक वर्षानुवर्षं श्वासासाठी ती छोटी पांढरी गोळी खातात आणि ज्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी. आजारपणावर लिहिणारे शेवटी शांत होतात, आजारानं आम्हाला खूप शिकवलं म्हणतात. मला आजारानं काही शिकवलं नाही. मला जे कळलं ते कुणीही, वीस वर्षांपूर्वी, पाच मिनिटांत सांगू शकलं असतं. नाही सांगितलं. त्याचा राग मला आजही आहे.

कार्डिंग खातं

आजोबा महूला पलटणीत होते. वडील तिथून इंदूरला आले आणि कपड्याच्या मिलमध्ये लागले. त्यांच्या जागी मी लागलो, कार्डिंग खात्यात. तिथे पिंजलेली रुई मशीनच्या बारीक दातांतून विंचरली जाते आणि पलीकडून तिचा पातळ, झिरझिरीत पडदा उतरतो. दिसायला फार सुंदर. पण त्या खात्यात जी हवा असायची ती हवा नव्हतीच, उडती रुई होती. पाळी सुटली की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. नवे लोक हसायचे. जुने खोकायचे.

दहा वर्षांत मीही जुना झालो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती अशी आवळायची, जणू कुणी आतून दोरी ओढतंय. मिलच्या कामगारांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी पाठीला नळी लावली, एक पांढरी गोळी लिहून दिली.

"रोज़ सुबह, नाश्ते के बाद."

चार दिवसांत मी जिना धावत चढलो. माझ्याच पाळीत बन्सी होता, सांवेरकडचा, माळव्याच्या मातीचा रांगडा माणूस. त्यालाही तीच गोळी. तो म्हणाला, "भिया, यो गोली नी है, जादू है जादू!"

जादूच होती. किती दिवस घ्यायची ते आम्ही विचारलं नाही. चिठ्ठी संपली की दवाखान्यातून नवी मिळायची. मग मिलचे दिवस फिरले. बाहेरच्या देशांसाठी बाजार उघडला म्हणे, सगळं नवं येणार म्हणे. आमच्या मिलला मात्र एके दिवशी कुलूप लागलं. दवाखान्याचं आमचं कार्डही त्याच दिवशी निकामी झालं. पण गोळी कशी बंद होणार? न घेतली तर दम लागायचा. मी जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायला लागलो. चिठ्ठी पिवळी पडली, मग घडीवर फाटली, मग तिची गरजच उरली नाही. दुकानदार मला बघूनच पट्टी काढून ठेवायचा.

माझे गाल गोल झाले होते. शेजारी म्हणायचे, मिल बंद झाली तरी मधुभाऊंची तब्येत बघा! माझी बायको कुसुमसुद्धा खूश होती. ती सूज आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

उमर

खोकल्यानं मोडलेली पाठ घेऊन मी एका हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"मणके थोड़े दबे हैं. पुराना होगा. मिल में बोरे उठाए होंगे?"

"नहीं साहब, मैं कार्डिंग में था. दर्द तो आठ दिन से है."

"उमर का घिसाव है." त्यानं पट्टा लिहून दिला.

मी बावन्नचा. माझ्या आजोबांनी सत्तराव्या वर्षी महूहून इंदूरपर्यंत सायकल मारली होती. कसली उमर?

पट्टा बांधून पंधरा दिवस काढले. बसलं की कळ, उठलं की कळ, सगळ्यांत वाईट म्हणजे कूस बदलताना. पुन्हा त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं हाडांची घनता मोजायला पाठवलं. तिथला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, ये तो लेडीज़ लोगों की जाँच है." रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसलो, काय करणार. रिपोर्ट आला. हाडाचा नंबर थोडासा कमी, पण बरा. डॉक्टर म्हणाला, "नंबर तो ठीक है आपका. चिंता मत करो."

सेंटरच्या मॅनेजरला मी हे सांगायला नको होतं. मी स्टूल मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "नंबर ठीक, तो आप भी ठीक. गार्ड बैठा हुआ अच्छा नहीं लगता, मधुकरजी. कस्टमर क्या सोचेगा?"

त्या दिवसापासून मी कामचोर ठरलो. वेदना झाली की माणूस विव्हळतो, एवढी साधी गोष्ट. पण माझ्या विव्हळण्याला कागदाचा आधार नव्हता. उलट कागद माझ्या विरोधात होता. मला स्वतःलासुद्धा शंका यायला लागली. खरंच नाटक करतोय का मी?

ज्याच्या हातात चांगला रिपोर्ट आहे आणि ज्याला चपलेत पाय घालता येत नाही, त्यालाच हे कळेल.

पहलवान

इंदूरला हाड बसवणारे पहलवान आहेत, पुष्कळांना गुणही येतो. कुसुम म्हणाली, "डॉक्टर तर काही म्हणतच नाहीत. एकदा दाखवून तर पाहा." बन्सी मला घेऊन गेला. पहलवानानं कोमट तेल लावलं, पालथं झोपवलं आणि "साँस छोड़ो" म्हणत पाठीवर गुडघा दाबला.

पुन्हा तोच आवाज. या वेळी बन्सीनंही ऐकला.

"बैठ गई," पहलवान म्हणाला.

बसली नव्हती, मोडली होती. रिक्षातून घरी येताना प्रत्येक खड्ड्याला मी बन्सीचा हात चावायचा तेवढा बाकी ठेवला. घरी कुसुम पोळ्या लाटत होती. मी दारातच ओरडलो, "तूच पाठवलंस! तूच मोडलीस माझी पाठ!"

बालवाडीत दिवसभर चाळीस पोरं सांभाळून आलेली बाई. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"मोडली तर मोडली. माझी पाठ आहे का शिल्लक, विचारलंत कधी?"

आमची मुलगी वैशाली तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती पुस्तक घेऊन शेजारी निघून गेली. दोन दिवस कुसुम माझ्याशी बोलली नाही. पण सकाळी ड्यूटीला निघताना मला वाकता येत नव्हतं, तेव्हा ती खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधायची. तिच्या केसांतला भांग मला वरून दिसायचा, आणि मला लाज वाटायची. तरी माफी मागायला मला आठ दिवस लागले. आजारपणात माणूस मोठ्या मनाचा होतो वगैरे खोटं आहे. निदान मी झालो नाही.

पँट लांब कशी झाली?

सेंटरमध्ये नव्या आलेल्या डॉक्टर होत्या, मेघनामॅडम. एमआरआयचे फोटो बघून रिपोर्ट लिहिण्याचं त्यांचं काम. मी कुसुमशी फोनवर मराठीत बोललेलं त्यांनी एकदा ऐकलं, तेव्हापासून मला काका म्हणायच्या. सकाळी येताना दाराशी थांबून दोन शब्द बोलायच्या. बाकीच्या डॉक्टरांना दार आपोआप उघडतं असंच वाटत असावं.

एक दिवस त्या थांबल्या आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"काका, ही पँट तुमची नाही का?"

"माझीच आहे मॅडम. इथे लागलो तेव्हा मापानं शिवली. दोन वर्षं झाली."

"मग टाचेखाली कशी येते?"

मी खाली बघितलं. खरंच, पायघोळ झाली होती, मागची शिवण झिजून धागे लोंबत होते. मला वाटलं, धुऊन कापड सैल झालं असेल. मॅडमनी मला भिंतीशी उभं केलं. टाच, पाठ, डोकं भिंतीला लावा म्हणाल्या. माझं डोकं भिंतीला लागेना.

"पाठ दुखते?"

"चार महिने झाले. पण नंबर चांगला आहे माझा," मी म्हणालो. लाचारीनं म्हणालो, आता तेही आठवलं की चीड येते.

"कसला नंबर?"

मी सगळं सांगितलं. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "रविवारी दुपारी मशीन रिकामं असतं. एमआरआयनं हाडाची आतली बांधणी कशी दिसते, यावर माझा अभ्यास चालू आहे, मालकांची परवानगी आहे. तुम्ही येता का? पाठीचा फोटो तुमच्यासाठी काढू, मनगटाचा माझ्या अभ्यासासाठी. नको वाटलं तर नाही म्हणा, मला राग येणार नाही."

दोन वर्षं मी त्या मशीनची राखण केली होती. माझ्या पाठीसाठी ते वापरता येईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दार उघडणारा माणूस दारातच उभा राहतो.

खोकला

"घड़ी, बेल्ट, चाबी? शरीर में कोई लोहा?" टेक्निशियननं विचारलं. हेच प्रश्न मी दिवसातून किती वेळा लोकांना आठवण म्हणून विचारायचो. मला हसू आलं आणि हसल्यानं पाठीत कळ गेली.

लोक मशीनच्या आवाजाला घाबरतात. मिलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला त्या ठकठकीचं काय? मला भीती होती ती खोकल्याची. पाठीचे फोटो निभावले. मनगटाच्या वेळी सांगितलं होतं की अगदी बारीक जाळी टिपायची आहे, केसभरही हलायचं नाही. मी हात पुढे ताणून पडलो होतो. डोळे मिटले. आणि छातीत ती ओळखीची खाज सुरू झाली.

मी दात दाबले. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. खोकलो तर फोटो जाणार, आणि एखादा मणकाही. शेवटी हातातला रबरी फुगा दाबला. मशीन थांबलं. मॅडम स्वतः आत आल्या, मला कुशीवरून हळूच उठवून बसवलं आणि खोकताना पाठीला तळहात लावून धरलं.

"सॉरी मॅडम. फोटो खराब झाला."

"होऊ दे खराब. पुन्हा काढू. तुम्ही आधी पाणी प्या."

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. मी पाणी प्यायलो आणि परत आडवा झालो.

दोन जाळ्या

मंगळवारी त्यांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. त्या सेंटरमध्ये मी पहिल्यांदा खुर्चीत बसलो.

पडद्यावर माझी पाठ होती, एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांसारखी. त्यातले तीन ठोकळे पुढून चेपलेले.

"हा जुना आहे, भरून आलेला. हे दोन बघा, चमकतायत. हे ताजे आहेत. एक खोकल्याचा, एक त्या गुडघ्याचा."

ताजे. 'पुराना होगा' म्हणणाऱ्या त्या डॉक्टरचा चेहरा मला आठवला.

मग त्यांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक माझ्याच वयाच्या, निरोगी माणसाच्या मनगटाचा. उजळ जागेत काळ्या धाग्यांची दाट जाळी. दुसरा माझा. धागे बारीक, कितीतरी तुटलेले, टोकं लोंबतायत, मधे मोठमोठी भोकं. मला समजावून सांगायची गरज नव्हती. कार्डिंगच्या मशीनचे दात खराब झाले की रुईचा पडदा अगदी असाच उतरतो. असा माल आम्ही बाजूला काढायचो.

"घनतेची तपासणी हाडात माल किती ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "माल कसा गुंफलाय ते सांगत नाही. म्हणून नंबर बरा दिसतो आणि हाड मोडतं. पण पुरुषाचं, या वयात, असं का व्हावं? काका, तुम्ही कुठली गोळी घेता?"

मी खिशातून पट्टी काढून दिली. त्यांनी नाव वाचलं, पट्टी उलटी केली, पुन्हा वाचलं.

"किती दिवस?"

"दिवस? बावीस वर्षं."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग सांगितलं की हे स्टेरॉइड आहे, श्वास मोकळा करतं, पण रोज रोज घेतलं तर हाड आतून पोखरतं. गोल गाल, पातळ झालेली कातडी, सगळं त्याचंच. देणाऱ्यानं हे सांगायला हवं, हाडांकडे लक्ष ठेवायला हवं.

मी विचारलं, "म्हणजे हे मशीन नसतं तर कळलंच नसतं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मोड ताजी आहे हे एमआरआयनं पक्कं झालं. मनगटाचे फोटो अजून अभ्यासापुरतेच आहेत, त्यावरून कुणी औषध ठरवत नाही. पण खरं सांगू? कुणी तुमची उंची मोजली असती आणि तुम्हाला गोळ्या विचारल्या असत्या, तर पुरलं असतं. त्याला मशीन लागत नाही."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. परदेशातून आलेलं एवढं मोठं यंत्र, थंडगार खोली, आणि मला कळायला हवी होती ती गोष्ट एक मोजपट्टी आणि एक प्रश्न एवढीच होती! तो प्रश्न बावीस वर्षांत एकालाही सुचला नाही.

मॅडम पुढे म्हणत होत्या, छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, उद्याच जा, गोळी मनानं बंद करू नका. यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ते माझ्या आत शिरलं नाही.

नाली

घरी गेलो. डब्यातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि गल्लीच्या नालीत फेकल्या. कुसुम धावत आली.

"अहो, काय करताय? डॉक्टरांना विचारलं का?"

"डॉक्टरांचं नाव काढू नकोस!"

छातीच्या डॉक्टरकडेही गेलो नाही. कुठल्याच डॉक्टरकडे जायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अंगातली ताकद गेली. तिसऱ्या दिवशी उलट्या. चौथ्या दिवशी सकाळी मोरीत तोंड धुता धुता मी खाली बसलो आणि मला उठता येईना. वैशालीनं हाका मारल्या त्या मला विहिरीतून आल्यासारख्या ऐकू येत होत्या.

इतकी वर्षं बाहेरून गोळी मिळाल्यावर शरीर स्वतःचं तेच रसायन तयार करायचं सोडून देतं. एकदम थांबवलं की माणूस कोसळतो. हे जो वाचेल त्यानं लक्षात ठेवावं: राग कितीही येऊ दे, ही गोळी डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच उतरवायची. माझा राग मला जवळजवळ घेऊन गेला होता, आणि ज्यांच्यावर होता त्यांना त्याची खबरही नव्हती.

आठ दिवस सरकारी दवाखान्यात होतो. पहाटे झाडूवाली येऊन पलंगाला झाडू आपटायची, तेवढ्या हादऱ्यानं मी कळवळायचो. दोन दिवसांनी मी तिला कारण सांगितलं. त्यानंतर ती माझ्या पलंगाखालचा केर वाकून हातानं काढायची आणि म्हणायची, "आज तो नहीं लगा न, बाबूजी?" नऊ वाजता मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. माझी फाईल सगळ्यांच्या हातून फिरायची. कुणीतरी इंग्रजीत "इंटरेस्टिंग केस" म्हणायचं. मी एकदा म्हणालो, "इंटरेस्टिंग मैं भी हूँ, साहब. मुझसे भी बात कर लो." एक शिकाऊ मुलगी लाजली आणि दुपारी परत येऊन खरोखर बोलली.

कुसुम बालवाडी सुटली की यायची. कूस बदलताना पाठ न पिळता अख्खं अंग एकसाथ कसं वळवायचं, ते तिनं नर्सकडून शिकून घेतलं. एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि "आता" म्हणायची. बाविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हापासून आम्ही एकमेकांना इतकं जपून कधी हात लावला नव्हता. तिथेच मी तिची माफी मागितली, दुसऱ्यांदा, आणि या वेळी नीट.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा निरोप आला. जागा भरली होती. मेघनामॅडम भांडल्या, असं नंतर कळलं. उपयोग झाला नाही.

साँस चाहिए थी या नहीं?

चालता यायला लागल्यावर मी मिलच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरसाहेबांना शोधून काढलं. निवृत्त होऊन स्नेहलतागंजात घरातच थोडे पेशंट बघायचे. थकले होते. मी काही बोलायच्या आत माझा खोकला ऐकून म्हणाले, "कार्डिंग?"

मी एमआरआयचे फोटो टेबलावर ठेवले. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिले.

"साहब, बताया क्यों नहीं?"

"उस वक़्त तुम्हें साँस चाहिए थी या नहीं?"

"चाहिए थी."

"बताता तो तुम गोली छोड़ देते. छोड़ते तो मर जाते."

"छोड़ता या रखता, वो मैं तय करता, साहब. हड्डी मेरी थी."

त्यांनी फोटो खाली ठेवले. मग म्हणाले, मी दोन महिन्यांसाठीच लिहिली होती. मी म्हणालो, मग तिसऱ्या महिन्यात कुणी थांबवलं का नाही? चिठ्ठ्यांवर सही कुणाची होती? ते म्हणाले, मी लिहून दिलं होतं, खात्यात धूळ ओढणारी यंत्रं बसवा, नाहीतर ही माणसं गोळीवरच जगतील.

"वो कागज़ कहाँ है?"

"मिल के अंदर."

मिलला कुलूप होतं. खरं असेल, खोटं असेल. मला वाटलं होतं, त्यांच्यावर ओरडलं की हलकं वाटेल. मी ओरडलो. शेजारच्या घरातून लोक बघायला आले. म्हातारा खाली मान घालून ऐकत राहिला. मला हलकं वाटलं नाही. मी त्यांना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. पण धूळ त्यांनी उडवली नव्हती, एवढं मला परतताना कळत होतं. ज्यांनी उडवली ते कुठल्या घरात राहतात हे मला माहीत नव्हतं.

मोजपट्टी

आता माझी गोळी अगदी थोड्यावर आली आहे. श्वासासाठी ओढायचं औषध आहे, हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी. ती उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. कुसुम समोर बसते, आडवा होतो की काय ते बघायला. मी वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसून काम करतो. बसून. गेलेली उंची परत येत नाही. तुटलेली जाळी पहिल्यासारखी होत नाही. पुढची मोड लांबवता येते, तेवढंच, आणि तेवढं पुष्कळ आहे. त्यानंतर माझं एकही हाड मोडलेलं नाही.

बरं वाटू लागल्यावर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. गोळी खाणारा मी एकटा नव्हतो. बंद मिलच्या दारासमोर चहाची एक टपरी आहे, जुने लोक रविवारी सकाळी तिथे जमतात. मी वैशालीला घेऊन गेलो. विचारलं, पांढरी गोळी कोण कोण घेतं? हात वर झाले. अकरा. आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं, ते हात वर करणारे सगळे पुढे वाकलेले होते. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

मिलमध्ये भरती करताना प्रत्येकाची उंची ओळखीच्या कार्डावर लिहीत. पुढच्या रविवारी सगळ्यांनी कार्डं शोधून आणली. टपरीच्या भिंतीला एकेकाला उभं करून वैशालीनं शिवणाची टेप लावली. बन्सी हसत उभा राहिला. तो चार बोटं कमी भरला. त्यानं पुन्हा मोजायला लावलं. तेवढाच भरला. मग तो कार्डावरचा आपला तरणा फोटो बघत राहिला आणि म्हणाला, "म्हने लाग्यो, खटिया बड़ी हुई गई."

मेघनामॅडमनी चिठ्ठी लिहून दिली. एका सकाळी आम्ही सगळे सरकारी दवाखान्याच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिलो, प्रत्येकाच्या हातात ओळखीचं कार्ड, उंचीचा कागद आणि गोळ्यांची पट्टी. गोळी कुणीही मनानं सोडली नव्हती. ते मी प्रत्येकाच्या घरी जाऊन बजावलं होतं. बन्सी पुढे, मी त्याच्या मागे.

"बीमारी क्या लिखूँ?" खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"लिखो, मिल," बन्सी म्हणाला.

"क्या?"

"मिल लिखो. कपड़ा मिल."

त्या माणसानं आमच्याकडे एक नजर टाकली, पेन टेकवलं आणि 'कमर दर्द' लिहिलं. मागे उभ्या दहाही जणांच्या पर्चीवर तेच येणार, हे मला दिसलं. मी बन्सीच्या खांद्यावरून हात घालून खिडकीच्या फटीत ठेवला.

"काटो इसको," मी म्हणालो. "बोलता हूँ वैसा लिखो. बीस साल स्टेरॉइड, उमर से पहले हड्डी कमज़ोर, ऊँचाई चार उँगल कम. और नीचे लिखो, कार्डिंग खाता."

"इतनी जगह नहीं है इसमें."

"तो पीछे लिखो."

त्यानं ते खोडलं, पर्ची उलटली आणि लिहायला लागला. तो पूर्ण लिहीपर्यंत मी खिडकीतून हात काढला नाही.